अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन: मंडपात काय चुकतं आणि गाळ्यांत काय सापडतं

साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कोण होणार, यावर दरवर्षी भरपूर शाई सांडते. प्रत्यक्ष संमेलनाचं मात्र अध्यक्षावाचून फारसं अडत नाही. २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनाआधी आनंद यादव यांनी राजीनामा दिला आणि ते संमेलन अध्यक्षाशिवाय पार पडलं. २०२१ च्या डिसेंबरात जयंत नारळीकर प्रकृतीमुळे नाशिकला येऊ शकले नाहीत, तरी तिथले तीन दिवस ठरल्याप्रमाणे झाले. अडतं ते धड ऐकू येणाऱ्या ध्वनिवर्धकावाचून, वेळ पाळणाऱ्या सूत्रसंचालकावाचून आणि मंडपापासून चालत जाता येईल अशा ग्रंथप्रदर्शनावाचून. म्हणून हे परीक्षण साहित्याचं नाही, सोयीचं आहे. पदरचे पैसे आणि सुट्टी खर्चून तिथे जाणाऱ्या वाचकाला काय मिळतं, एवढंच पाहायचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: ग्रंथप्रदर्शनाला पाचपैकी साडेचार, छोट्या मंडपांना साडेतीन, मुख्य मंडपाला दोन.

मुख्य मंडपाचे गुण का कापले ते कळायला संमेलन चालवतं कोण, हे माहीत हवं. वरची संस्था म्हणजे १९६१ साली स्थापन झालेलं अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ. त्याच्या मुख्य घटक संस्था चार: पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), नागपूरचा विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) आणि मराठवाडा साहित्य परिषद (१९४३). महामंडळाचं कार्यालय दर तीन वर्षांनी या चौघांमध्ये फिरतं. गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश अशा ठिकाणच्या मराठी संस्थाही महामंडळाला जोडलेल्या आहेत. संमेलन कुठे भरवायचं हे आलेल्या निमंत्रणांमधून ठरतं, आणि ज्या गावाला मान मिळतो तिथली निमंत्रक संस्था मंडप, जेवण, निवास, वाहनं आणि पैसा यांची जबाबदारी घेते. विषय आणि वक्ते महामंडळ ठरवतं. पैशाचा एक भाग शासन देतं. हे अनुदान पूर्वी ५० लाख होतं, ते पुढे २ कोटींपर्यंत नेण्यात आलं. उरलेलं स्वागताध्यक्षांनी उभं करायचं, आणि स्वागताध्यक्ष बहुतेक वेळा राजकारणातले किंवा शिक्षणसंस्था चालवणारे असतात.

आता यात गोम अशी की कार्यक्रम एकाचा आणि मंडप दुसऱ्याचा. घड्याळ कुणाचंच नाही. मंत्री उशिरा आले तर निमंत्रक संस्था थांबते, कारण पैसा त्यांच्याकडून आलेला असतो. परिसंवाद लांबला तर महामंडळाचे पदाधिकारी थांबतात, कारण बोलणारे त्यांनीच बोलावलेले असतात. दोन्हीकडून खाल्ला जातो तो श्रोत्याचा वेळ.

मुख्य मंडपातल्या एका परिसंवादाचा हिशेब मांडून पाहा. पत्रिकेवर वेळ दीड तास, म्हणजे ९० मिनिटं. अध्यक्ष एक, वक्ते सहा. आधीचं सत्र लांबल्यामुळे सुरुवातीलाच ३५ मिनिटं गेली, हे नेहमीचंच. उरली ५५. सात जणांना शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ, प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी १४ गेली. परिचय आणि प्रास्ताविकात १० गेली. उरली ३१. अध्यक्षांनी १० मिनिटांत आटपलं, असं उदारपणे मानू. मग सहा वक्त्यांना मिळून २१ मिनिटं, म्हणजे प्रत्येकी साडेतीन. त्यातलं एक मिनिट ‘विचारपीठावरील सर्व मान्यवर’ म्हणण्यात जातं. घरून वीस मिनिटांचा निबंध लिहून आणलेला प्राध्यापक तो वाचायला लागतो, चौथ्या मिनिटाला त्याच्यापुढे चिठ्ठी सरकते, आणि पहिल्या पानावरचा मुद्दा दुसऱ्या पानावर जायच्या आतच संपतो. चूक त्याची नसते. सहा वक्त्यांच्या जागी तीन असते आणि सत्कार एकदाच, सत्राच्या शेवटी झाला असता, तर त्याच ९० मिनिटांत प्रत्येकाला पंधरा मिनिटं देऊन शिवाय श्रोत्यांचे प्रश्नही घेता आले असते. पण वक्ते कमी केले की विभाग, जिल्हा, घटक संस्था यांचं प्रतिनिधित्व साधत नाही. सहाचा आकडा तिथून येतो.

गंमत म्हणजे मराठीत याचा उत्तम नमुना संमेलनापेक्षा जुना आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली: एक संध्याकाळ, एक वक्ता, एक विषय. पुढे १८७८ मध्ये पहिलं ग्रंथकार संमेलनही रानडे आणि लोकहितवादींच्याच पुढाकाराने भरलं. गावोगावच्या व्याख्यानमाला आजही पहिल्या नमुन्यावर चालतात आणि त्यांत माणसं दीड-दीड तास शांत बसून ऐकतात. संमेलनाने तेवढं उचललं नाही.

उद्घाटनाबद्दल थोडक्यात. ग्रंथदिंडी सकाळी निघते, ती पाहावी. शाळांची लेझीम पथकं, पालखीतले ग्रंथ आणि गावातले लोक एकत्र दिसतात ते तेवढ्याच वेळात. उद्घाटन दुपारचं असलं तरी अध्यक्षीय भाषण संध्याकाळी सुरू होतं असं गृहीत धरा. भाषण बहुधा छापील पुस्तिकेच्या रूपात मिळतं आणि मंचावर त्यातला निवडक भागच वाचला जातो. पुस्तिका घ्या, खोलीवर जाऊन सावकाश वाचा. अतिमहत्त्वाच्या पाहुण्यांची उपस्थिती असेल तर नियमच बदलतात. २०२५ साली दिल्लीला ९८ व्या संमेलनाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते विज्ञान भवनात झालं आणि बाकीचे कार्यक्रम तालकटोरा स्टेडियमवर. अशा वेळी उद्घाटनाच्या जागी प्रवेशिकेशिवाय शिरकाव नाही, आणि सर्वसामान्य श्रोत्याचा पहिला दिवस तपासणीच्या रांगेत किंवा पडद्यासमोर जातो.

ध्वनिव्यवस्था हा संमेलनांचा जुना आजार. मोठ्या मैदानावर लोखंडी सांगाड्याचा लांबलचक मंडप उभारतात, वर प्लास्टिकचं कापड, बाजूंना मोठे पंखे. समोर मंचालगत स्पीकरचे दोन मनोरे आणि मागच्या लोकांना ऐकू यावं म्हणून मध्ये आणखी दोन. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून ५० मीटरवर बसलेल्याला पुढच्या मनोऱ्याचा आवाज सुमारे ०.१५ सेकंद उशिरा पोचतो, तर शेजारच्या मनोऱ्याचा लगेच. मागच्या स्पीकरला तेवढाच विलंब लावून दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. विलंब लावणं हे मिश्रकावरचं, म्हणजे ध्वनीच्या मिक्सरवरचं, दोन मिनिटांचं काम आहे, पण लग्नाच्या वाजंत्रीची सवय असलेला ठेकेदार ते करत नाही. गाण्यात ते खपतं, कवितेत खपत नाही. म्हणून बसायची जागा निवडताना अगदी पुढे जायचा अट्टहास नको. पहिल्या तीन-चार रांगा सोफ्यांच्या, राखीव आणि बऱ्याचदा रिकाम्या. त्यांच्या मागच्या आठ-दहा रांगांत, मधल्या वाटेच्या कडेला बसावं. तिथे एकाच मनोऱ्याचा आवाज येतो आणि उठून जायचं झालं तर कुणाचे पाय तुडवावे लागत नाहीत.

निमंत्रितांच्या कविसंमेलनाची तीच कथा, रात्रीच्या वेळी. चाळीस कवी आणि प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी नुसते दोन तास होतात. त्यात परिचय, टाळ्या, ‘आणखी एक’ची फर्माइश आणि सूत्रसंचालकाच्या स्वतःच्या चारोळ्या मिळवा. नऊला लागणारं संमेलन दहाला सुरू होतं आणि मध्यरात्रीनंतर संपतं. चांगले, पण गाजलेले नसलेले कवी नेमके साडेअकरानंतर येतात, कारण श्रोते धरून ठेवण्यासाठी लोकप्रिय नावं अधूनमधून आणि शेवटी पेरलेली असतात. ऐकायचंच असेल तर आधी दुपारी झोप काढा.

छोटे मंडप ही या तीन दिवसांतली कमावण्याची जागा. बालमेळावा, कथाकथन, प्रकट मुलाखत, गझल कट्टा, बोलीभाषांची सत्रं आणि बहुतेक संमेलनांत एखादं अनुवादावरचं किंवा प्रकाशन व्यवसायावरचं सत्र. दोनशे-तीनशे खुर्च्या, मंच बुटका, पाहुणे थोडे. मुलाखतीचं सत्र सर्वांत भरवशाचं, कारण बोलणारा एक आणि विचारणारे दोन. सहा वक्त्यांचा हिशेब तिथे लागूच होत नाही. दोन मंडप जवळजवळ उभारले असतील तर मात्र एकातली गझल दुसऱ्यातल्या चर्चेत घुसते. पहिल्या दिवशी संध्याकाळी एक फेरी मारून कोणता मंडप मुख्य मंडपाच्या स्पीकरच्या तोंडासमोर आहे ते पाहून ठेवा आणि दुसऱ्या दिवसाची आखणी त्याप्रमाणे करा.

कविकट्ट्यावर कविता वाचायची असेल त्यांच्यासाठी एवढं पुरे: कविता आधी मागवतात, मुदत संमेलनाच्या बरीच आधी संपते आणि एकाच कवितेला जागा मिळते. ओळींची मर्यादा दिलेली असते ती पाळा. आयत्या वेळी येऊन हट्ट धरणाऱ्यांमुळेच तिथला क्रम कोलमडतो आणि नोंदणी केलेल्यांना तासन्‌तास ताटकळावं लागतं. आपला क्रमांक, गट आणि वेळ लिहून घ्या, आणि कट्ट्याच्या संयोजकाला सकाळीच तोंड दाखवून ठेवा.

आता ग्रंथप्रदर्शन, म्हणजे जायचं खरं कारण. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा पाचशे ते हजार प्रतींची असते आणि त्यातल्या बऱ्याच शहरांतल्या दुकानांपर्यंत पोचतच नाहीत. तालुक्याच्या गावचा प्रकाशक, स्वखर्चाने छापलेला लोककथासंग्रह, एखाद्या निवृत्त शिक्षकाने लिहिलेला आपल्या नदीखोऱ्याचा इतिहास: हे सगळं एका ठिकाणी पाहायला मिळतं ते इथेच. त्यामुळे पहिला नियम असा की ज्या प्रदेशात संमेलन आहे तिथलं आधी घ्यावं. २०२४ ला संमेलन अमळनेरला होतं, तिथे अहिराणी. विदर्भात असेल तर वऱ्हाडी आणि झाडीबोली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं घरबसल्या मागवता येतात, त्यांच्यासाठी पाठीवर ओझं नको.

गाळा साधारण दहा बाय दहा फुटांचा, त्यात तीन बाजूंना टेबलं आणि मध्ये उभं राहायला माणसांपुरती जागा. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर तिथे चालताही येत नाही, कारण आसपासच्या गावांतले लोक सुट्टी पाहून येतात. निवांत चाळायचं असेल तर शनिवारची सकाळ, उघडल्यापासून जेवणवेळेपर्यंत. शुक्रवारी अर्धे गाळे अजून खोकी फोडत असतात, तेव्हा नुसती पाहणी करा आणि गाळ्यांचे क्रमांक टिपून ठेवा. सवलत दहा ते वीस टक्के सरसकट मिळते. जुन्या साठ्यावर त्याहून जास्त. छोट्या प्रकाशकाशी घासाघीस करू नका, गाळ्याचं भाडं, प्रवास आणि दोन माणसांचं राहणं यातच त्याचा नफा गेलेला असतो. २०१५ साली पंजाबात घुमानला संमेलन ठरलं तेव्हा प्रकाशकांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं होतं ते याच हिशेबापायी: मराठी वाचक नाही तिथे पुस्तकं वाहून न्यायची कशाला?

शासकीय गाळे चुकवू नयेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशनं, फुले-आंबेडकरांच्या लेखनाचे खंड, जिल्ह्यांची गॅझेटियर, साहित्य अकादेमी आणि नॅशनल बुक ट्रस्टचे अनुवाद: पानांच्या मानाने ही पुस्तकं फार स्वस्त असतात. खंडांचे संच लवकर संपतात आणि मधलाच एखादा खंड नसतो, म्हणून आपल्याकडे कोणते आहेत त्याची यादी फोनमध्ये ठेवून जावं. मंडळाची बरीच पुस्तकं आणि मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तेव्हा नुसता संदर्भ पाहायचा असेल तर पैसे दुसरीकडे वापरा.

पैसे देण्याआधी पुस्तक उघडून पाहा. १६ पानांचा एखादा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा, उलटा बांधलेला, दोनदा आलेला किंवा गायब असू शकतो. पानांचे आकडे सोळा-सोळाच्या टप्प्याने तपासले की अर्ध्या मिनिटात कळतं. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं जाड पुस्तक मधोमध उघडल्यावर कण्याला तडा जातोय का, तेही पाहून घ्या. घरी गेल्यावर बदलून मिळणं अवघड, कारण गाळा तोपर्यंत उठलेला असतो. एकाच मैदानात हजारो फोन असल्यामुळे दुपारी नेटवर्क मान टाकतं आणि यूपीआय अडकतं. पाचशे-हजार रुपये सुटे बाळगावेत. वजनाचं म्हणाल तर डेमी आकाराचं दोनशे पानी पुस्तक साधारण पाव किलो भरतं, म्हणजे वीस पुस्तकं झाली की पाच किलो. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा मे २०२५ पासून सुरू आहे. ती पुस्तकांसाठीच आहे आणि एका पाकिटात पाच किलोपर्यंत चालतात. दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोला १०० रुपये, वर कर. रविवारी टपाल कार्यालय बंद असतं हे विसरू नका. शनिवारी दुपारच्या आत पार्सल टाकायला हवं.

प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी का? मंडपात बसायला आणि प्रदर्शन पाहायला सहसा पैसे पडत नाहीत. प्रतिनिधी शुल्कात राहणं, जेवणाची कुपनं, पिशवी, बिल्ला आणि स्मरणिका येते. त्यामुळे गावात राहायची स्वतःची सोय असेल तर शुल्क भरण्यात अर्थ नाही. सोय नसेल तर भरा, पण तीन गोष्टी आधी फोन करून विचारा: निवास मंडपापासून किती किलोमीटरवर आहे, रात्रीच्या कार्यक्रमानंतर बस आहे का, आणि एका खोलीत किती जण. नाशिकचं संमेलन शहराबाहेर आडगावच्या परिसरात होतं. अशा ठिकाणी शेवटची बस चुकली की रिक्षावाला सांगेल तो दर. वसतिगृहात किंवा मंगल कार्यालयात उतरवलं असेल तर गरम पाणी पहाटे साडेपाचलाच, पुढे नाही. जेवणाच्या रांगा दुपारी एक ते अडीच या वेळेत सर्वांत लांब, कारण सगळ्या मंडपांतली सकाळची सत्रं एकदमच सुटतात. बाराला उठून गेलात तर दहा मिनिटांत पान वाढलं जातं. जेवण स्वतः बहुतेक ठिकाणी चांगलं असतं. यजमान गाव तिथे इभ्रत पणाला लावतं आणि जिंकतं.

तारखाही पाहा. जानेवारी-फेब्रुवारीतलं संमेलन सुखाचं. २०२२ चं उदगीरचं संमेलन एप्रिलच्या उत्तरार्धात आलं होतं. मराठवाड्यातल्या उन्हात दुपारच्या सत्राला प्लास्टिकच्या छताखाली बसणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी सकाळ आणि रात्र एवढ्याच वेळा धरून आखणी करावी.

जवळपासच विद्रोही साहित्य संमेलन, म्हणजे या संमेलनाला पर्याय म्हणून भरणारं वेगळं संमेलन, असेल तर अर्धा दिवस त्यासाठी काढावा. १९९९ साली धारावीत बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली ते सुरू झालं आणि अलीकडे वर्ध्याला, अमळनेरला दोन्ही संमेलनं एकाच गावात भरली. शासनाचा पैसा न घेता मूठभर धान्य आणि एक रुपया अशा वर्गणीवर ते चालतं. मंच साधा आणि सत्कार कमी, म्हणून बोलायला वेळ जास्त उरतो. तिथेही वक्ते लांबतात, पण निदान मुद्द्यावर लांबतात. गटचर्चा हा प्रकार ऐकायचा असेल तर तिथेच. ग्रंथप्रदर्शन मात्र लहान.

शेवटच्या दिवशी खुलं अधिवेशन आणि समारोप. ठरावांना एके काळी वजन होतं. १९४६ ला बेळगावच्या संमेलनातल्या ठरावाने संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला चालना दिली. अभिजात दर्जाची मागणीही वर्षानुवर्षं ठरावांतून होत राहिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ती मान्य केली. आता ठराव आधीच लिहिलेले असतात, वाचले जातात, ‘अनुमोदन’ येतं आणि पुढचा ठराव. मजकूर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतोच, त्यामुळे तो वेळ गाळ्यांत घालवला तरी काही बुडत नाही. रविवारी दुपारनंतर प्रकाशक खोकी बांधायला घेतात. राहिलेलं पुस्तक तोपर्यंत घेऊन ठेवा. समारोप ऐकायचाच असेल तर परतीचं आरक्षण रात्री दहाच्या आतल्या गाडीचं करू नका, आणि ऐकायचा नसेल तर दुपारी चारची एसटी धरा. पाचनंतर स्थानकात उभं राहायलाही जागा नसते.